टेनामेंट, डुप्लेक्स की वर-खाली दोन बिऱ्हाडे : वडोदऱ्यात भाड्यासाठी पहिले घर घेताना

वडोदऱ्यात भाड्याने देण्यासाठी घर पाहायला निघालेल्या माणसाने पैशांची जमवाजमव करण्याआधी दोन शब्द नीट समजून घ्यावेत, कारण दलाल, बांधकाम व्यावसायिक आणि जाहिराती हे शब्द सैलपणे वापरतात आणि त्या सैलपणातून झालेली चूक पुढे वर्षानुवर्षे निस्तरावी लागते.

पहिला शब्द टेनामेंट. इतरत्र चाळीच्या जवळचा वाटणारा हा शब्द आपल्या शहरात सोसायटीतल्या बैठ्या घरासाठी रूढ आहे : पुढे स्कूटर उभी करण्यापुरते अंगण, ओटला, दोन-तीन खोल्या, मागे धुण्याभांड्यांची चौकडी, आणि एका किंवा दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याशी सामायिक. दुसरा शब्द डुप्लेक्स. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, आतूनच वर जाणारा जिना, वर झोपण्याच्या खोल्या, असे एकाच कुटुंबाचे दुमजली घर म्हणजे आपल्याकडचे डुप्लेक्स. अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ एका छताखालची दोन स्वतंत्र बिऱ्हाडे असा होतो. वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांतले कोणी ना कोणी तिकडे स्थायिक आहे, आणि तिकडचा भाचा फोनवर "डुप्लेक्स घ्या, दोन भाडी येतील" असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो त्याच्याकडच्या घराबद्दल बोलत असतो. त्याच्या मनातल्या घराला आपल्याकडे नाव नाही. बैठ्या टेनामेंटवर पुढे कधीतरी मजला चढवून बाहेरून जिना काढलेले घर हेच त्याचे आपल्याकडचे रूप, आणि या लेखात मी त्याला 'दोन बिऱ्हाडांचे घर' असे म्हणणार आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की एका कुटुंबाला द्यायचे घर, मग ते टेनामेंट असो वा डुप्लेक्स, घ्यावे की दोन बिऱ्हाडांचे घर घ्यावे. फ्लॅटचा विचार मी येथे करीत नाही. त्यात जमिनीचा वाटा अविभाज्य असतो आणि त्याचे हिशेब वेगळे आहेत.

पहिली पायरी : आपले दिवस मोजा

'बसल्या जागी भाडे' हा शब्दप्रयोग मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. घरभाड्यात बसल्या जागी काही होत नाही, कमी-जास्त उठावे लागते इतकेच. आणि किती वेळा उठावे लागेल हे घराच्या प्रकारावर बरेच अवलंबून असते. म्हणून घर पाहण्याआधी एका कागदावर लिहा की वर्षातले किती दिवस आपण या घरासाठी देऊ शकतो. भाडेकरू बदलतो तेव्हा जुन्याकडून ताबा घेणे, रंगारी आणि प्लंबर बोलावणे, नव्यांना घर दाखवणे, करार करणे, पोलिसांत नोंद देणे या सगळ्यांत मिळून सात-आठ दिवस सहज जातात, आणि ते सलग मिळत नाहीत. नोकरी करणाऱ्याचे रविवार त्यातच संपतात.

जो माणूस पुण्यात, बंगळूरात किंवा परदेशात राहतो, त्याच्याकडे असे दिवस नसतात. जो मांजलपुरात राहतो आणि ज्याचे घर तरसालीला आहे, तो संध्याकाळी कामावरून येताना डोकावू शकतो. या दोघांनी एकाच प्रकारचे घर घेऊ नये, हे माझे या विषयातले मुख्य म्हणणे आहे, आणि पुढचे सारे त्याच्याच आधाराने सांगतो.

दुसरी पायरी : भाड्याचा हिशेब तीन वर्षांचा मांडा

महिन्याच्या भाड्याची तुलना केली की दोन बिऱ्हाडांचे घर नेहमीच जिंकते, आणि दलाल तीच तुलना करून दाखवतो. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र बदलते. खालील आकडे कोणत्याही विशिष्ट भागाचे दर नाहीत. पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत, आणि तुम्ही पाहत असलेल्या घराचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

समजा, दोन्ही घरांची किंमत 75 लाख आहे. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का आहे, म्हणजे दोन्ही मिळून 4,42,500 रुपये होतात. वकील, दलाली आणि सुरुवातीची डागडुजी धरली की घर साधारण 81 लाखांना पडते. डुप्लेक्सला महिना 20,000 भाडे येते असे धरू. दुसऱ्या घरात खालच्या बिऱ्हाडाचे 12,000 आणि वरच्याचे 11,000, एकूण 23,000 येतात.

डुप्लेक्समध्ये येणारे कुटुंब बहुधा मोठे असते, मुले शाळेत असतात, सामान खूप असते, त्यामुळे ते लवकर हलत नाही. पण गेले की तसे दुसरे कुटुंब मिळायला वेळ लागतो. म्हणून तीन वर्षांत एकदाच भाडेकरू बदलला आणि दोन महिने घर रिकामे राहिले असे धरा. 34 महिन्यांचे 6,80,000 रुपये आले. दलालाला एका महिन्याचे भाडे आणि रंगरंगोटीला 35,000 दिले, तर हातात 6,25,000 राहतात. दोन बिऱ्हाडांच्या घरात नवविवाहित जोडपी, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेले तरुण, विद्यापीठातले विद्यार्थी अशी माणसे येतात आणि ती लवकर बदलतात. प्रत्येक मजल्यावर तीन वर्षांत दोनदा बदल आणि दर वेळी एक महिना रिकामा असे धरले, तर 7,82,000 रुपये येतात. चार वेळची दलाली 46,000 आणि चार वेळची रंगरंगोटी प्रत्येकी 15,000 प्रमाणे 60,000 वजा केली की 6,76,000 उरतात.

फरक 51,000 रुपयांचा, तोही तीन वर्षांत मिळून. महिन्याला तो 1,400 रुपयांच्या आसपास पडतो, आणि त्यासाठी तुम्ही एका ऐवजी चार वेळा घर रिकामे करून पुन्हा भरले. ज्याला गावातच राहायचे आहे आणि या कामाची आवड आहे त्याने तो जरूर घ्यावा. ज्याला प्रत्येक बदलासाठी विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट काढावे लागणार आहे, त्याचा हा फरक पहिल्याच खेपेला संपतो.

हिशेबातली दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. डुप्लेक्स रिकामे असते तेव्हा उत्पन्न शून्य असते. दोन बिऱ्हाडांच्या घरात एक मजला रिकामा असला तरी दुसऱ्याचे भाडे चालू राहते. ज्या निवृत्त माणसाचा औषधपाण्याचा खर्च या भाड्यातून भागायचा आहे, त्याच्यासाठी हा आधार त्या 1,400 रुपयांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी एक गोष्ट याच कागदावर दिसते आणि ती नजरेआड करू नये. 81 लाखांवर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर रक्कम हाती येते, म्हणजे परतावा अडीच ते पावणेतीन टक्के. त्यातून वेरा (महापालिकेची घरपट्टी) आणि दुरुस्ती अजून जायची आहे. बँकेतील मुदत ठेव यापेक्षा अधिक देते. आपल्याकडे घरभाड्यासाठी घेतलेल्या घराचा खरा लाभ जमिनीच्या वाढत्या किमतीत असतो आणि भाडे ही त्याला जोड असते. म्हणून जे घर कर्जाशिवाय किंवा थोड्या कर्जावर घेता येईल तेच घ्यावे. 50 लाखांचे कर्ज 8.5 टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता 43,400 रुपयांच्या आसपास येतो. 'भाड्यातून हप्ता फिटेल' असे जो सांगतो त्याच्यासमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

तिसरी पायरी : जिना, मीटर, पाणी

घर पाहायला गेल्यावर लादी आणि रंग शेवटी पाहा. आधी जिना पाहा. जिना बाहेरून असेल आणि वरच्या माणसाला खालच्याच्या अंगणातून, ओटल्यावरून किंवा चौकडीतून जावे लागत नसेल, तरच ते दोन बिऱ्हाडांचे घर आहे. आतला जिना दाराने बंद करून 'दोन भाडेकरू ठेवता येतील' असे सांगितले जाणारे डुप्लेक्स हे दोन बिऱ्हाडांचे घर नव्हे : वर स्वयंपाकघराची सोय नसते, ओट्याला सांडपाण्याची वाट नसते आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला दिवाणखान्यातून जावे लागते. बाहेरून नवा लोखंडी जिना लावून देऊ असे कोणी म्हटले तर तो बांधकामातला बदल आहे आणि त्यालाही परवानगी लागते, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर विजेचे मीटर. दोन बिऱ्हाडांना दोन स्वतंत्र मीटर असावेत, त्यात तडजोड करू नका. घरगुती विजेचा दर वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढतो. दोन कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर पडला की दोघेही वरच्या टप्प्यात जातात, आणि उन्हाळ्यात वरच्यांनी एसी लावला की खालची मंडळी बिल घेऊन तुमच्या दारात उभी राहतात. मधे सबमीटर बसवून युनिटे वाटून घेता येतात, परंतु वाढीव दराचा बोजा कोणी उचलायचा हा वाद त्याने मिटत नाही. दुसरे मीटर मिळणार की नाही, हे विक्रेत्याला विचारू नका. वीज कंपनीच्या विभागीय कार्यालयात जाऊन, घराचा कागद दाखवून, खरेदीआधी विचारा.

पाण्याबद्दल मी स्वतःचा अनुभव सांगतो, कारण मला तो पुस्तकातून कळला नसता. आमच्या मांजलपुरातील टेनामेंटवर वडिलांनी मजला चढवला तेव्हा वरही पाणी त्याच एका टाकीतून दिले. महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, ते जमिनीखालच्या टाकीत साठते आणि मोटरने गच्चीवर चढवावे लागते, आणि त्या मोटरचे बटण खालच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागच्या भिंतीवर होते. पहाटे साडेपाचला वरची सून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून हळू आवाजात हाक मारायची : "काकी, उठलात का? जरा मोटर लावाल का?" खालच्या काकी आधी उठून लावायच्या, मग कधी विसरायच्या, मग मुद्दाम विसरू लागल्या. मोटरच्या विजेचे पैसे आपल्या मीटरवर का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. आठ महिन्यांत दोन्ही कुटुंबांचे बोलणे बंद झाले आणि वरची मंडळी गेली. त्यानंतर आम्ही गच्चीवर दोन टाक्या बसवल्या, मोटरचे बटण जिन्याखालच्या पेटीत आणले आणि मोटरसाठी वेगळी वायर ओढून तिचा खर्च घरमालकाकडे घेतला. एकूण खर्च एका महिन्याच्या भाड्याहून कमी आला. वडील नंतर नेहमी म्हणत की मजल्याच्या विटांआधी ती पेटी बसवायला हवी होती.

म्हणून घर पाहताना गच्चीवर चढा आणि टाक्या मोजा. मोटरचे बटण कुठे आहे ते शोधा. वरच्या न्हाणीघराखाली खाली कोणती खोली येते ते पाहा, आणि त्या खोलीच्या छताला हात लावून ओल तपासा. नव्या रंगाखाली ओल लपते, पण गारवा लपत नाही.

डुप्लेक्समध्ये या भानगडी नाहीत. एक मीटर, एक टाकी, एक स्वयंपाकघर. तेथे पाहायची गोष्ट म्हणजे सामायिक भिंत. जोड डुप्लेक्समध्ये शेजाऱ्याच्या गच्चीवरचे पाणी नीट वाहत नसेल तर ओल तुमच्या झोपण्याच्या खोलीत उतरते, आणि दुरुस्ती शेजाऱ्याच्या सहकार्याशिवाय होत नाही. शेजारचे घर बंद असेल आणि मालक परदेशात असेल तर हे सहकार्य मिळायला दोन पावसाळे जातात. घर पाहायला गेलात की शेजारच्या घराला कुलूप आहे का, हेही पाहून ठेवा.

चौथी पायरी : विश्वामित्री

वडोदऱ्यात घर घेणाऱ्याने पुराचा विचार कागदपत्रांच्या आधी करावा. ऑगस्ट 2024 मध्ये काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीची पातळी 26 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 35 फुटांच्या वर गेली आणि समा, अकोटा, कारेलीबाग अशा नदीलगतच्या भागांतील असंख्य घरांत पाणी शिरले. 2019 च्या जुलैअखेरीसही शहराने असाच दिवस पाहिला होता. नदी शहराच्या मधून वळणे घेत जाते, म्हणून एकाच सोसायटीत एका गल्लीत गुडघाभर पाणी आणि दुसरी कोरडी असे होते. भागाच्या नावावरून निष्कर्ष काढू नका. त्याच गल्लीतल्या तीन घरी, शक्यतो घरातल्या बायकांना, विचारा की पाणी ओटल्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते. तुम्ही पाहत असलेल्या घरात दाराच्या चौकटीचे खालचे टोक फुगले आहे का, भिंतीच्या तळाशी लोणा धरला आहे का, मीटरची पेटी अलीकडे उंच सरकवली आहे का, हे पाहिले की उत्तर पडताळता येते.

येथे घराच्या प्रकाराचा संबंध थेट येतो. पाणी शिरले तर डुप्लेक्समधले कुटुंब फ्रिज नाही तरी गाद्या, कागदपत्रे आणि म्हातारी माणसे घेऊन वर जाऊ शकते. दोन बिऱ्हाडांच्या घरात खालच्या भाडेकरूला वर जागा हक्काने मिळत नाही; त्याचे सगळे नुकसान होते, आणि पाणी ओसरल्यावर तो बहुधा घर सोडतो. पुढे ते खालचे बिऱ्हाड कमी भाड्यात द्यावे लागते. म्हणून ज्या गल्लीत पाणी आले होते तेथे दोन बिऱ्हाडांचे घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकी सर्व बाबी जुळत असतील आणि किंमत खरोखर कमी असेल तर उंच जोत्याचे डुप्लेक्स एक वेळ चालेल. कोणतेही घर घेतले तरी विमा उतरवा. सर्व सामान्य विमा कंपन्यांना 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात पुराचे संरक्षण असते, आणि घर राहण्याजोगे नसेल त्या काळातल्या बुडालेल्या भाड्याचीही तरतूद असते. भाडेकरूच्या सामानाचा विमा मात्र त्याने स्वतः उतरवायचा असतो, हे करारात लिहा.

पाचवी पायरी : कागद

मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घेणे, बोजा तपासणे, नव्या योजनेत रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारे प्राधिकरण) नोंदणी पाहणे हे सर्व घरांना सारखेच आहे आणि कोणताही चांगला वकील ते सांगेल. मी फक्त आपल्या प्रश्नाशी संबंधित कागदांवर थांबतो.

दोन बिऱ्हाडांच्या घरात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की वरचा मजला कागदावर आहे का. मूळ टेनामेंटची रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी आणि बी.यू. म्हणजे वापराचा परवाना एका मजल्याचा असतो, आणि मजला नंतर, कित्येकदा परवानगीशिवाय, चढवलेला असतो. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी गुजरातेत वेळोवेळी कायदे झाले, अलीकडचा 2022 चा; लोक त्याला 'इम्पॅक्ट फी' म्हणून ओळखतात. मालक "इम्पॅक्ट फी भरली आहे" असे सांगेल. पैसे भरल्याची पावती वेगळी आणि नियमित झाल्याचे प्रमाणपत्र वेगळे. तुम्हाला प्रमाणपत्र पाहिजे. ते नसेल तर बँक वरच्या मजल्याची किंमत धरत नाही, कर्ज अपुरे मिळते, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. माझा नियम साधा आहे : प्रमाणपत्र नसेल तर ते घर एका मजल्याचे समजून किंमत करा, आणि मालकाला ती मान्य नसेल तर नमस्कार करून निघा.

शहरातील काही भागांना 1991 चा अशांत धारा लागू आहे. तेथे घराच्या खरेदी-विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तिच्याविना झालेला व्यवहार टिकत नाही. लागू भागांची यादी अधिसूचनांनुसार बदलत असते, तेव्हा बानाखत म्हणजे खरेदीचा प्राथमिक करार करण्याआधी त्या जागेचा उल्लेख यादीत आहे का हे वकिलाकडून लेखी घ्या आणि परवानगीला लागणारा वेळ बानाखताच्या मुदतीत धरा.

जुन्या शहरात, रावपुरा किंवा दांडिया बाजारच्या बाजूला, स्वस्तात मिळणारे आणि भाडेकरूसह विकले जाणारे घर नवख्याने घेऊ नये. 1947 च्या भाडे-नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला जुना भाडेकरू नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो, आणि अशा घरातून ना भाडे मिळते ना ताबा.

विक्रेता परदेशस्थ असेल, आणि वडोदऱ्यात तो बऱ्याचदा असतो, तर एक बाब विसरू नका. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात निवासी विक्रेत्याचा 1 टक्का कर खरेदीदाराने कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागत नाही, त्याहून बऱ्याच अधिक दराने कर कापावा लागतो, आणि न कापल्यास जबाबदारी तुमच्यावर येते. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय अशा व्यवहारात बयाणाही देऊ नका.

सहावी पायरी : नाव आणि कर

गुजरातेत खरेदीदार केवळ महिला असेल तर 1 टक्का नोंदणी फी माफ होते. आपल्या उदाहरणात 75,000 रुपये वाचतात. म्हणून अनेक जण पत्नीच्या नावे दस्तावेज करतात. ते अवश्य करावे, परंतु पैसा पतीचा असेल तर भाड्याचे उत्पन्न कराच्या दृष्टीने पतीचेच धरले जाते, हे माहीत असू द्या. कर वाचवण्याचा तो मार्ग नाही.

भाड्यातून महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला वेरा वजा होतो, उरलेल्या रकमेतून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी खर्चाची पावती लागत नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही वजा होते; मात्र त्यामुळे तोटा दिसला तर नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही आणि जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंतच येतो. 30 टक्क्यांची वजावट ठरीव असल्याने चार वेळची रंगरंगोटी आणि दलाली करणाऱ्याला आणि एकदाच करणाऱ्याला ती सारख्याच प्रमाणात मिळते, म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या घराचा जास्तीचा खर्च करात भरून निघत नाही. वेऱ्याच्या आकारणीत घर स्वतःच्या वापरात आहे की भाड्याने, हा मुद्दा असतो. घेण्याआधी चालू वेराबिल मागा आणि त्यावर काय नोंद आहे ते वाचा.

घरमालक स्वतः अनिवासी असेल तर भाडेकरूने प्रत्येक भाड्यातून 30 टक्के आणि वर उपकर कापून सरकारात भरायचा असतो, भाडे कितीही लहान असले तरी. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो आणि विवरणपत्रे भरावी लागतात. 11,000 रुपये भाडे देणाऱ्या तरुण जोडप्याला हे समजावणे अवघड जाते. परदेशात राहणाऱ्याने एकच जाणते कुटुंब, शक्यतो सनदी लेखापालाची मदत घेणारे, ठेवता येईल असे डुप्लेक्स घ्यावे याचे हेही एक कारण आहे.

सातवी पायरी : भाडेकरू आणि करार

सोसायटीच्या कार्यवाहांना खरेदीआधी भेटा. काही सोसायट्यांत अविवाहित विद्यार्थ्यांना घर देण्याला विरोध असतो, आणि तुमचा सारा हिशेब फतेगंजला विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांवर उभा असेल तर तो पहिल्या महिन्यातच कोसळेल.

करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. करारात भाडे, अनामत, दर नूतनीकरणाला होणारी वाढ आणि सूचनेची मुदत तर असतेच. दोन बिऱ्हाडांच्या घरात आणखी चार ओळी हव्यात : गच्ची कोणाची, अंगणात कोणाची किती वाहने, मोटर आणि जिन्यावरच्या दिव्याचे पैसे कोणाकडे, जिना कोणी झाडायचा. या ओळी दोन्ही भाडेकरूंच्या करारांत शब्दशः सारख्या असल्या पाहिजेत. एकाला तोंडी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर वेगळी जाते.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे शहर पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार बंधनकारक आहे; ती गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही देता येते. ताबा देताना प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि मीटरवरील आकड्याचे फोटो दोघांच्या समोर काढा आणि त्याच क्षणी भाडेकरूच्या फोनवर पाठवा.

वर्षभर एक वही ठेवा. तिच्यात रुपये लिहाच, पण घरासाठी गेलेला प्रत्येक दिवस, अर्धा असला तरी, तारखेसह लिहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्ची झाडून घेऊन पाणी जाण्याच्या तोट्या मोकळ्या केल्या, तोही अर्धा दिवस धरा. वर्ष संपल्यावर ही बेरीज सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या दिवसांशी ताडून पाहा. डुप्लेक्समध्ये ती जास्त आली तर भाडेकरू बदलण्यापलीकडे हाती फारसे काही नसते. दोन बिऱ्हाडांच्या घरात मात्र एक वाट उरते : पुढच्या वेळी एक मजला रिकामा झाला की दलालाला फोन करण्याआधी उरलेल्या कुटुंबाला विचारा की दोन्ही मजले थोड्या कमी भाड्यात घेता का. आमच्या घरी वरची मंडळी गेली तेव्हा काकींच्या मुलाचे लग्न ठरले होते. त्यांनी दोन्ही मजले घेतले आणि नऊ वर्षे राहिल्या.